गाडीत एसीचं पाणी सांडायलंय, घरी काही करता येतंय का?

निंबाखाली (परभणी)
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, परवा आत्याला महालक्ष्म्यांसाठी वसमतहून आणायला गेलो होतो. दिवसभर झड लागलेली, काचा वर, एसी दोनवर. आत्या पुढं बसलेली, तिच्या पायाशी कापडी पिशवी आणि पिशवीत घरची हरभऱ्याची डाळ, पुरणासाठी. निघाल्यापासून डॅशबोर्डच्या आतून डुबुक डुबुक आवाज यायला होता. मला वाटलं आत्याच्या सामानात पाण्याची बाटली असंल. झिरो फाट्याच्या अलीकडं एका उजव्या वळणावर आत्या ओरडली, "अरे, पाय भिजले माझे!" बघतो तर ग्लोव्ह बॉक्सच्या खालून पेलाभर पाणी सांडलेलं. पुढच्या वळणाला परत तेच. घरी येईस्तोवर मॅट, चप्पल, पिशवी समदं ओलं.

गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक. एसी गारेगार आहे, त्यात खोट नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, "डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस ठेवा." सण तोंडावर आलाय. घरच्या घरी काही जमतंय का? कुणी केलंय का?

हौ_नक्को (छ. संभाजीनगर)
रविवार, रात्री ९:५२

हौ, पण डाळीचं काय झालं ते सांगा पहिले. भिजत घालायचं काम गाडीनंच केलं म्हणायचं की!

निंबाखाली
रविवार, रात्री ९:५५

डाळ गाईला घातली. आत्या अजून बोलत नाही नीट.

शंकासुर (पुणे, मूळ गाव सेलू)
रविवार, रात्री १०:१०

सर्व्हिस सेंटरला द्या आणि मोकळे व्हा. यूट्यूब बघून डॅशबोर्ड उचकटणारे बरेच पाहिलेत. नंतर चार स्क्रू हातात उरतात आणि जन्मभर कुरकुर आवाज येतो.

पाना_दहा_बारा (जालना)
रविवार, रात्री १०:४८

निंबाखाली, डॅशबोर्डला हात लावू नका. कुणालाही लावू देऊ नका. मी अठरा वर्षं गॅरेज चालवलंय, आता मुलगा बघतो. असल्या दहातल्या आठ-नऊ गाड्या डॅशबोर्ड न काढताच नीट झाल्यात.

भानगड अशी असते. ग्लोव्ह बॉक्सच्या मागं प्लास्टिकची पेटी असते, तिच्यात एसीचं कॉइल. कॉइल एकदम गार, त्यावरून हवा गेली की हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं, जसं गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. ते पाणी पेटीच्या तळाला गळतं आणि एका नळीतून गाडीच्या बाहेर जातं. एसी चालू असताना उभ्या गाडीखाली थारोळं दिसतं ना, तेच हे. नळी तुंबली की पेटीत पाणी साठतं. डुबुक डुबुक ते तेच. गाडी उजवीकडं वळली की पाणी डावीकडं झेपावतं आणि सांध्यातून आत्याबाईंच्या पायावर येतं.

पण आधी एवढं तपासा, मग पुढचं सांगतो. ते पाणी बोटावर घ्या. नुसतं पाणी आहे का चिकट, रंगीत, गोडसर वासाचं आहे? चिकट असलं तर ते कूलंट, म्हणजे हीटरचं कॉइल गळतंय आणि तो वेगळा आजार. काचेला आतून तेलकट वाफ धरती त्यात. कूलंट चाखून बघू नका, विषारी असतं. मी हे उगं सांगत नाही, चाखणारे बघितलेत.

दुसरं, एसी बंद ठेवून नुसत्या पावसात गाडी उभी करा. तरी आत पाणी आलं तर एसीचा दोष नाही. वायपरखालच्या जाळीत पाला अडकलेला असतो.

खारा_वारा (रत्नागिरी)
रविवार, रात्री ११:०५

आमच्याकडे हा प्रकार वर्षभर. कोकणात गाडीखाली धबधबाच असतो, त्यामुळे तो थांबला की लगेच कळतं. माझं सासर माजलगावचं. तिकडे मे महिन्यात गाडी उभी करून एसी लावला तर खाली थेंबसुद्धा दिसेना. मी घाबरून मेव्हण्याला म्हटलं, नळी तुंबली! तो हसला. म्हणाला, भावजी, हवेत पाणीच नाही तर गळंल काय?

शुद्धलेखन (अंबाजोगाई)
सोमवार, सकाळी ७:१५

खारा_वारा यांच्या मेव्हण्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले पाणी थेंब होऊन जमू लागते तो, १० अंशांच्या आसपास येतो. भाद्रपदात २८ अंश आणि ८५ टक्के धरा, दवबिंदू थेट २५ अंश. कॉइल पाचेक अंशांवर असेल आणि हवा बाहेरची घेतली तर दुसऱ्या वेळी पाच-सहा पटींनी जास्त पाणी सुटते. म्हणजे मराठवाड्यात नळी एप्रिलमध्ये तुंबते आणि कळते ऑगस्टात.

गंमत अशी की एअर कंडिशनिंगचा जन्मच पाणी काढण्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती दमटपणामुळे कागद फुगतो-आकसतो म्हणून. माणसांना गार वाटणे हा नंतरचा लाभ.

एक विनंती. "सांडायलंय", "यायला होता" हे बोलीत ठीक, पण शीर्षकात तरी "सांडत आहे" लिहावे. आणि "ड्रेन पाइप"ला आपल्याकडे चांगला शब्द आहे, निचरानळी.

हौ_नक्को
सोमवार, सकाळी ७:४०

सर, निचरानळी म्हणून स्पेअर पार्टवाल्याकडं गेलो तर तो मला मेडिकलला पाठवील.

पाणीटंचाई (लातूर)
सोमवार, सकाळी ८:०२

न्हाणी तुंबली म्हणा की सरळ. गाडीची न्हाणी तुंबलीय. समद्यांना कळतंय.

आणि आमच्या लातूरकरांना ह्या धाग्याचं हसू यायलालंय. २०१६ च्या एप्रिलात आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि हितं परभणीकर म्हणतोय गाडीत पाणी यायलंय, बंद कसं करू! बादली लावा की हो खाली.

निंबाखाली
सोमवार, सकाळी ८:३०

जगात जर्मनी, भारतात परभणी. आमच्याकडं पाणी गाडीतच मिळतं.

पाना भाऊ, पाणी बघितलं. साधंच आहे, चिकट नाही. रात्री पाऊस पडून गेला, गाडी अंगणातच होती, एसी बंद, आत नवीन पाणी नाही. सकाळी एसी लावून पंधरा मिनिटं गाडी सुरू ठेवली, खाली फरशी कोरडी ठणठणीत. म्हणजे नळीच ना? ती कुठं शोधू?

पाना_दहा_बारा
सोमवार, सकाळी ९:१०

व्हय, नळीच. पंधरा मिनिटं हवा बाहेरची घेतली होती का आतली फिरवली होती? आतलीच फिरवली असली तर पाणी कमी सुटतं. पण ह्या दिवसात थेंबही नाही म्हणजे तुंबलीच.

बॉनेट उघडा. इंजिनच्या मागं, केबिन आणि इंजिनच्या मधली जी पत्र्याची भिंत, तिच्यावर पॅसेंजरच्या बाजूला खाली बघा. अंगठ्याएवढं जाड काळं रबरी टोक खाली वाकलेलं दिसंल. काही गाड्यांत ते वरून दिसत नाही, खालून बघावं लागतं. काहींत ते थेट पायाखालच्या पत्र्यातून बाहेर येतं. एसीचे जे दोन ॲल्युमिनियमचे पाइप भिंतीतून आत जातात, त्यांच्या आसपास खालच्या अंगाला शोधा.

सापडलं की पहिल्यांदा काहीच घालू नका आत. नुसतं टोक चिमटीत धरून दाबा, सोडा, दाबा, सोडा. बऱ्याच गाड्यांत त्या टोकाला चीर असलेलं झाकण असतं, ते चिखलानं चिकटून बसतं. चिमट्यानंच निम्मी कामं होतात.

आणि इंजिन गार झाल्यावर करा. दोन तास जाऊ द्या.

ठिबकवाला (कळंब, धाराशिव)
सोमवार, दुपारी १:२०

रामराम. मी माझ्या गाडीचं दोनदा केलंय. चिमट्यानं नाही झालं तर ठिबकची मायक्रो ट्यूब घ्या, ४ एमएमची, लॅटरलमधून झाडाला पाणी देतो ती काळी नळी. शेतात तुकडे पडलेलेच असतेत. ती मऊ असती, वळती, आत काही फाडत नाही. टोक तिरकं कापू नका, सरळ कापा. हळूहळू फिरवत वर सारा. वीतभर गेली की अडथळा लागंल, तिथं गोल गोल फिरवायची. दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढू नका म्हंजे झालं. मी ओढलो होतो.

भूल_देणारी (नांदेड)
सोमवार, दुपारी १:३५

ठिबकवाले दादा, वाचताना मळमळलं मला. त्या पेटीत बुरशी, धूळ, मेलेले किडे सगळं असतं.

माझ्याकडे सलाइनची नळी नेहमीच असते, ती चालेल ना? पारदर्शक असल्यामुळे काय येतंय ते दिसतं. मोठी सिरिंज जोडून हळू ओढायचं. आमच्या धंद्यात तुंबलेली नळी आधी ओढून बघतात, ढकलत नाहीत. ढकललं की गाठ पुढे जाते.

पाना_दहा_बारा
सोमवार, दुपारी २:१५

डॉक्टर ताई लाखाची गोष्ट बोलल्या. ओढायचं, ढकलायचं नाही. सलाइनची नळी जरा लुळी पडती, अडथळ्याला लागली की दुमडती. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी तिच्यापेक्षा बरी, वाकती पण दुमडत नाही.

सायकलची तार, स्पोक, छत्रीची काडी घालू नका. आत कॉइल ॲल्युमिनियमचं, पातळ. तारेनं भोक पडलं की गॅस गेला. मग मात्र खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागतो, कॉइल बदलावं लागतं, गॅस भरावा लागतो.

हौ_नक्को
सोमवार, दुपारी २:४०

पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या की भाई. दोन मिनिटांत काम. मी पाच-सहा वेळा केलं, काही झालं नाही.

पाना_दहा_बारा
सोमवार, दुपारी ३:०५

तुमच्या गाडीला झालं नाही. माझ्याकडं दोन गाड्या आल्या होत्या हवा मारलेल्या. एकीची नळी आतल्या बाजूला पेटीपासून निसटली, मग सगळं पाणी कायमचंच कार्पेटवर. दुसरीत घाण उडून ब्लोअरच्या मोटरीत गेली. टायरच्या कंप्रेसरचं प्रेशर लई असतं. मारायचीच असली तर लांबून, फुंकर मारल्यागत.

हौ_नक्को
सोमवार, दुपारी ३:१२

बरं मालिक. पण माझी गाडी चालूच आहे.

तिरकी_चाल (बीड)
सोमवार, संध्या. ६:३०

ओल्या-सुक्याचा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर खालून त्या टोकाला लावून ओढायचा, दोघांच्याही शंका मिटतात. साधा घरातला व्हॅक्यूम लावू नका, त्यात पाणी गेलं की मोटर जळते आणि शॉक बसतो ते वेगळंच. टोक आणि व्हॅक्यूमच्या तोंडामध्ये फट राहते, तिथे ओला फडका गुंडाळायचा.

मी स्वतः केलंय. आमच्या ह्यांना गाडी फक्त चालवता येते. गाडीखाली शिरायला मी वॉशिंग सेंटरला गेले, रॅम्पवर गाडी चढवली, उभ्यानं काम. तिथला पोरगा आधी हसत होता, "काकू, सर उतरले नाहीत का गाडीतून?" नंतर नळीतून काळं पाणी भसकन त्याच्याच बुटावर पडलं.

शंकासुर
सोमवार, संध्या. ७:००

रॅम्पची कल्पना उत्तम. हेच सांगणार होतो. लोक घरी जॅकवर गाडी उचलून खाली डोकं घालतात. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. तो सरकला तर डाळीची चिंता उरणार नाही.

पाणीटंचाई (लातूर)
सोमवार, संध्या. ७:२५

शंकासुर पहिल्यांदाच कुणाला उत्तम म्हणाले. धागा वर काढून ठेवा.

जरा अवांतर. आमच्या घरच्या एसीचं पाणी मी ड्रममध्ये धरतो. कपडे धुतो, कूलरात घालतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावं का? डिस्टिल्डच आहे म्हणतेत ना ते?

शुद्धलेखन
सोमवार, रात्री ८:१०

वाफेचे पाणी झाले म्हणून क्षार जवळपास नसतात, हे खरे. परंतु ते कॉइलवरची धूळ, धातूचे कण आणि बुरशी धुऊन आणते. शुद्ध म्हणता येणार नाही.

पाना_दहा_बारा
सोमवार, रात्री ८:३५

बॅटरीत घालू नका. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनला काय लागतं, त्यापायी बॅटरी घालवाल. कूलरला, फरशी पुसायला बिनधास्त वापरा, क्षार धरत नाही.

ठिबकवाला
सोमवार, रात्री ९:००

क्षारावरून आठवलं. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, ड्रिपर क्षारानं बुजतेत. मग लाइनीतून ॲसिड सोडतो. गाडीच्या नळीला थोडं ॲसिड चालंल का, पातळ करून?

पाना_दहा_बारा
सोमवार, रात्री ९:०४

नाही. नाही. नाही. ॲल्युमिनियम आहे आत! आणि तिथं क्षार नसतोच मुळात, धूळ आन् बुरशी असती. आत्ताच शुद्धलेखन सरांनी सांगितलं की.

भूल_देणारी
सोमवार, रात्री ९:२०

शिवाय ॲसिडची वाफ तुमच्याच श्वासात येणार, ब्लोअरमधून. टॉयलेट क्लीनरही नको, कुणी विचारायच्या आत सांगते.

हौ_नक्को
सोमवार, रात्री ९:२२

विचारणारच होतो.

निंबाखाली
मंगळवार, सकाळी ११:५०

केलं! सविस्तर लिहितो, कारण निम्म्यांनी सांगितलं तसं झालं आणि निम्म्यांनी सांगितलं तसं झालं नाही.

सकाळी सहाला, इंजिन गार असताना बॉनेट उघडलं. वरून काही दिसेना. भावाची सिमेंटच्या गोदामात ओळख आहे, तिथं ट्रकला माल चढवायचा दगडी उतार आहे. एका बाजूला गाडी लावली, हँडब्रेक, पहिला गिअर, चाकांना दोन्हीकडून दगड. पोतं अंथरून आडवा झालो. मोबाइलची बॅटरी तोंडात धरली.

पाच मिनिटं टोक सापडेना. पाना भाऊंनी सांगितलेली ॲल्युमिनियमची पाइप दिसली, पण तिच्या खाली सगळं काळं काळं एकसारखं. मग नखानं खरवडलं तर नख काळं झालं. डांबरासारखं काहीतरी. आणि एकदम लक्षात आलं. मार्चमध्ये एका ठिकाणी गाडीला खालून अंडरकोटिंग मारून घेतलं होतं, गंज लागू नये म्हणून. त्या पठ्ठ्यानं नळीच्या तोंडावरूनच फवारा मारलेला! तोंड लिंपून टाकलं होतं, जसं कणगीचं तोंड शेणानं लिंपावं.

ब्लेड घ्यायची हिंमत झाली नाही. नखानं आणि आइस्क्रीमच्या काडीनं कडेकडेनं सोलत गेलो. साल निघाली. तरी पाणी येईना. टोक चिमटीत दाबलं, आत मऊ मऊ लागलं, पीठ भिजवल्यागत. दहा-बारा वेळा दाबलं. मग एक थेंब. मग दोन. मग मी "निघालं!" म्हणून तोंड उघडलं आणि त्याच वेळी सगळा ऐवज चेहऱ्यावर.

दोन तांबे तरी पाणी असंल. काळं, त्यात कापसाच्या तुसाचे बोळे, कडुनिंबाच्या काड्या आणि एक अख्खी गांधीलमाशी, मेलेली. कापूस कुठून, तर दोन वर्षं माझी ड्युटी जिनिंगला होती, गाडी तिथंच उभी असायची. शेवटी ठिबकवाल्या दादांची मायक्रो ट्यूब घातली, अजून थोडा गाळ आला. मग एसी लावला, सात-आठ मिनिटांत खाली टप टप टप.

आवाज बंद. डॅशबोर्डला हात लावला नाही. खर्च: पोतं धुवायचं साबण.

तिरकी_चाल
मंगळवार, दुपारी १२:०५

तोंडावर!! म्हणूनच रॅम्प म्हटलं होतं. उभ्यानं केलं असतं तर बुटावर भागलं असतं.

पाना_दहा_बारा
मंगळवार, दुपारी १२:३०

शाब्बास रे पठ्ठ्या. अंडरकोटिंगचा प्रकार मी विसरलोच होतो, आधी सांगायला हवं होतं. कोटिंग मारायच्या आधी नळीच्या तोंडाला मास्किंग टेप लावायची असती, घाईत लावत नाहीत. कोटिंग करून आणलेल्या प्रत्येकानं गाडी घरी आल्यावर एकदा एसी लावून खाली बघावं.

आता तुमच्या गाडीला केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा, आहे का? काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलला कंपनीच देत नाही, नुसती जागा असती. कापूस आत गेलाय म्हणजे एक तर फिल्टर नाही, नाही तर फाटलाय. ग्लोव्ह बॉक्स उघडला की मागं उभी फट दिसंल. ग्लोव्ह बॉक्स काढताना पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात नको, त्या एअरबॅगच्या असतेत.

आणि कार्पेट वाळवा, वरवर नको. त्याच्याखाली जाड नमदा असतो, पाणी पितो आणि महिनाभर धरून ठेवतो. खालच्या वायरिंगला हिरवा गंज येतो.

भूल_देणारी
मंगळवार, दुपारी १२:५०

कुबट वास राहिला तर दम्याच्या माणसाला त्रास होतो. आत्याबाईंना दमा वगैरे नाही ना? वाळवताना दारं उघडी ठेवा.

ठिबकवाला
मंगळवार, दुपारी १:१५

वाळवायला वर्तमानपत्र लई भारी. नमद्याखाली घड्या सारायच्या, दोन तासाला बदलायच्या. वर पंखा. आमच्याकडं ऊन पडलं तर एका दिवसात काम होतं, पण ह्या झडीत ऊन कुठलं.

काळ्या रानातून गाडी घालणाऱ्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. आपली माती पावसात फुगती, टायरपासून उडून त्या टोकाला बसती आणि वाळली की वीट. ह्या दिवसात मी दर पंधरा दिवसाला वाकून टोक दाबून बघतो.

शुद्धलेखन
मंगळवार, दुपारी ४:००

निंबाखाली यांचे अभिनंदन. "साबण" पुल्लिंगी आहे. "पोतं धुवायचा साबण".

हौ_नक्को
मंगळवार, दुपारी ४:०३

सर, बंदा गाडीखाली तोंडावर गटार झेलून आलाय, तुम्ही लिंग बघायलेत.

शंकासुर
मंगळवार, संध्या. ६:४५

मान्य, डॅशबोर्ड उतरवायची गरज नव्हती. पण फोनवर न बघता डॅशबोर्ड सांगणाऱ्यांना आणि न बघता कोटिंग मारणाऱ्यांना एकाच रांगेत बसवा. आणि मी तरी बाहेरच करून घेईन. वय ५८, पाठीत गॅप. पोत्यावर आडवा झालो तर उठवायला क्रेन लागेल.

पाणीटंचाई (लातूर)
मंगळवार, संध्या. ७:१०

वास येऊ नये म्हणून मी एक करतो. घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर तसाच चालू. कॉइल वाळतं. बायको म्हणती, शेवटी शेवटी गरम कशाला करायलास. सांगून सांगून दमलो.

खारा_वारा
मंगळवार, रात्री ८:२०

आमच्याकडे दोन-तीन मिनिटांत काही वाळत नाही, पण सवय चांगली.

नवखा (हिंगोली)
शुक्रवार, सकाळी १०:१५

नमस्कार, उशिरा आलो. सगळा धागा वाचला. माझ्या गाडीत पण पाणी आहे पण ड्रायव्हरच्या बाजूला, क्लचच्या खाली. नळी दाबून बघितली, बाहेर व्यवस्थित टपकतंय. मग हे काय?

पाना_दहा_बारा
शुक्रवार, सकाळी १०:५०

बोटाला तेलकट लागतंय का? क्लच हलका पडलाय का, दाबला तर खाली जाऊन बसतो का? मग ते पाणी नाही, क्लचचं ऑइल असू शकतं, पेडलपाशी सिलिंडरमधून गळतं. तसं असलं तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. ते रंगाला लागलं तर रंग उतरतो, लगेच पाण्यानं धुवा. नुसतं पाणी असलं तर दाराचं रबर आणि वायपरखालची जाळी बघा.

नवखा
शुक्रवार, सकाळी ११:३०

तेलकट नाही. साधंच पाणी. जाळी उघडून बघतो.

नवखा
शुक्रवार, दुपारी १:४०

जाळीखाली चिंचेचा पाला, मूठभर नाही, घमेलंभर. चिंचेचा पाला एवढा बारीक की जाळीतून आरामात खाली जातो. गाडी चिंचेखाली लावतो दहा वर्षांपासून. खाली पाणी जायचं भोक होतं हेच माहीत नव्हतं. हातानं काढला, तांब्यानं पाणी ओतून बघितलं, चाकाच्या मागून बाहेर आलं.

पाना_दहा_बारा
शुक्रवार, दुपारी २:००

झालं. तिथं मात्र तांब्यानंच ओता, प्रेशरचा पाइप मारू नका. हवेचं तोंड शेजारीच असतं, पाणी थेट ब्लोअरात जातं.

हौ_नक्को
शुक्रवार, दुपारी २:२०

कडुनिंब झाला, चिंच झाली. वडाखाली लावणारं कुणी आहे का?

निंबाखाली
शुक्रवार, रात्री ९:०५

महालक्ष्म्या पार पडल्या. सोळा भाज्या, पुरणपोळी, सगळं झालं. डाळ दुकानातून आणली होती, आत्यानं पहिल्या घासाला ओळखलं.

फिल्टर बघितला, नुसती जागाच होती. उद्या आणतो. नमदा अजून किंचित ओला आहे, कागद बदलतोय. आज आत्याला वसमतला सोडून आलो. पुढं बस म्हटलं तर मागं जाऊन बसली, पाय सीटवर घेऊन, पिशवी मांडीवर. म्हणाली, "तू चालव. मला वळणं आली की सांग."